सॅकवर बूड टेकायचं काम: आत्तापर्यंत कुठवर आलंय

पक्षी बघायला जाताना पाठीवर सॅक आणि उघडली की बसायला स्टूल, असं एकच काहीतरी मी बनवतोय. सॅक आणि स्टूल एकत्र करायचं म्हटलं की बहुतेक जण तयार घडीचं स्टूल घेतात आणि त्याला पिशवी शिवतात, आणि मग ती आवळ्या-भोपळ्याची मोट होते, म्हणजे चालताना स्टूल पाठीला टोचतं आणि बसल्यावर पिशवी पायात येते. माझा हट्ट एवढाच आहे की जी नळी बसताना माझं वजन पेलते तिनेच चालताना सॅकची फ्रेम म्हणून काम केलं पाहिजे. स्टुलाचा एकही तुकडा चालताना नुसता फुकट पाठीवर बसून आला तर तो बाद. ह्या एका नियमामुळे काम बरंच लांबलं पण आता सांगाडा उभा राहिलाय, बसायच्या कापडाची झोळी शिवून झालीय, सॅक अडकवायची भानगड पण सुटलीय, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

बाहेरून फ्रेम असलेली सॅक काही नवीन नाही, अमेरिकेत डिक केल्टीने १९५२ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या फ्रेमवाल्या सॅक विकायला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी वर्षं लांबचे ट्रेक लोकांनी तसल्याच फ्रेमवर केले. आणि फुलीचं घडीचं स्टूल तर इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात पण सापडलंय. म्हणजे दोन्ही गोष्टी जुन्या, फक्त एकीला दुसरीचं काम करायला लावायचंय. (एका पायाचं स्टूल पण डोक्यात होतं, आल्प्समधले गवळी दूध काढताना कमरेला पट्ट्याने बांधतात ते. पण त्यावर तोल आपणच सांभाळायचा असतो आणि दुर्बीण डोळ्याला लावून एका पायाच्या स्टुलावर बसणं मला काही जमणारं नाही, सोडून दिलं.)

तर सांगाडा असा आहे की दोन आयताकृती चौकटी, एक बाहेरची, एक आतली, मधोमध दोन्ही बाजूंना बोल्ट. मिटलं की आतली चौकट बाहेरचीत बसते आणि सगळी जाडी एका नळीएवढीच, १९ मिमी. बाहेरची ३२० मिमी रुंद आहे, त्यातून दोन बाजूंच्या नळ्यांचे ३८ गेले, दोन नायलॉन वॉशरचे दीड-दीड गेले, म्हणून आतली बाहेरून मोजून २७९. हे दीड मिमीचे वॉशर टाळू नका, नाहीतर धातूवर धातू घासून चालताना अशी खडखड होते की पाणवठ्यावर पोचायच्या आधीच सगळे पक्षी पसार. उघडल्यावर उंची ३८ सेंमी, वरच्या दोन दांड्यांमधलं अंतर ३० सेंमी आणि पाय साधारण साडेअठ्ठेचाळीस सेंमीचा.

आता नळी. इथे जरा आकडेमोड करतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा, पण नळी घ्यायच्या आधी एकदा वाचाच.

८० किलोचा माणूस बसला तर चार पायांवर प्रत्येकी २० किलो. पाय तिरपा असल्यामुळे त्याचं जमिनीवरचं टोक मधल्या बोल्टपासून आडवं १५ सेंमी लांब आहे, म्हणजे बोल्टपाशी नळीला वाकवणारा २० गुणिले १५, ३०० किलो-सेंमी एवढा जोर येतो, आणि सगळ्यात जास्त जोर तिथेच असतो, टोकांकडे तो कमी कमी होत शून्य होतो. १९ मिमीची १.६ मिमी जाडीची नळी घेतली तर ताण येतो ८४ मेगापास्कलच्या (हे ताण मोजायचं माप) आसपास. पण आपण कुठे अलगद बसतो, धपकन बसतो, आणि अचानक टाकलेलं वजन हिशोबात दुप्पट धरायचं असतं, म्हणजे १६८. आपल्याकडे दुकानात जी अ‍ॅल्युमिनियमची नळी सहज मिळते ती बहुतेक ६०६३ (हा मिश्रधातूचा नंबर), आणि ती टी६ (म्हणजे उष्णता देऊन कडक केलेली) असेल तर साधारण २१५ मेगापास्कलला कायमची वाकते. म्हणजे जमतंय. हीच नळी १.२ मिमी जाडीची घेतली (पडद्याच्या दांड्यांना असते तसली) तर धपकन बसल्यावर ताण २१० च्या जवळ जातो, म्हणजे अगदी काठावर, आणि माणूस ९० किलोचा असला की गेलाच. म्हणून वजन वाचवायला इथे हात आखडता घेऊ नका, नळी १.६ चीच घ्या आणि दुकानदाराला टेंपर (म्हणजे टी६ सारखी कडकपणाची प्रत) कुठलं आहे ते विचारा, सांगता आलं नाही तर एक तुकडा विकत आणून व्हाइसमध्ये धरून वाकवून बघा, मऊ असेल तर लगेच कळतं.

बऱ्याच जणांची भीती असते की जिथे सगळ्यात जास्त जोर तिथेच आपण बोल्टसाठी भोक पाडतोय. मलाही आधी तेच वाटत होतं, पण कागदावर काढून बघितलं तर भोक नळीच्या कुशीत येतं, वरच्या किंवा खालच्या अंगाला नाही, आणि वाकताना ताण येतो तो वरच्या-खालच्या अंगाला, मधल्या रेषेवर जवळजवळ काहीच नसतं. म्हणजे भोक अगदी योग्य जागी आहे. दुसरी गंमत, बोल्टवर स्वतःवर फार भार येतच नाही, माझ्या मापांना एका बाजूच्या बोल्टवर ३२ किलोच्या आत. त्यामुळे ८ एमएमचा बोल्ट घाला १० चा घाला म्हणणाऱ्यांनो, त्याने भोक उगाच मोठं होतं, बाकी काही नाही. एम६ (म्हणजे ६ मिमीचा) स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) आणि नळीच्या आत पितळी बुश (छोटी पुंगळी), बास. बुश मात्र हवाच, कारण माणूस बसल्यावर डुलतो आणि पातळ भिंतीतलं भोक हळूहळू लांबट होत जातं.

नळी तापवून वाकवू नका आणि वेल्डिंग तर नकोच, टी६ ला जी ताकद असते ती उष्णतेने जाते आणि मग वरचा सगळा हिशोब पाण्यात. मी भोसरीत खुर्च्यांचे सांगाडे वाकवणाऱ्या एकाकडून थंडच वाकवून घेतल्या, आत कोरडी वाळू ठासून आणि कोपऱ्याला मोठी गोलाई ठेवून, कारण टी६ ला काटकोनात दाबलं तर बाहेरच्या अंगाला बारीक भेगा पडतात. त्याने आधी 'साहेब जरा गॅस दाखवू का' विचारलंच, नाही म्हटल्यावर जरा तोंड वाकडं केलं पण काम झकास दिलं. चौकट दोन यू जोडून बनते आणि तो जोड मी पायाच्या खालच्या टोकाजवळ ठेवलाय, कारण तिथे वाकवणारा जोर सगळ्यात कमी.

सगळी नळी तीन मीटरच्या थोडी वर लागली, वजन ७४० ग्रॅम. एवढ्याच मापाची लोखंडी नळी दोन किलोच्या वर गेली असती.

झोळीवर मात्र जीव तोडून काम केलंय. झोळी म्हणजे दोन दांड्यांमधलं बसायचं कापड, आणि तिच्यामुळेच फुली उघडून सपाट पडत नाही, तीच सगळं धरून ठेवते. माझ्या मापांना ती बसल्यावर पावणेपाच सेंमी खाली जाते आणि प्रत्येक दांडीला आत ६३ किलोने ओढते. म्हणून नुसत्या कापडावर भरवसा नाही, खालून तीन आडवे पट्टे आहेत. पट्टे नायलॉनचे घेऊ नका, नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं, आणि झोळी सैल पडली की पाय अजून फाकतात, पाय फाकले की वर हिशोब केला तो १५ सेंमीचा आकडा वाढतो, म्हणजे नळीवरचा जोर पण वाढतो. पॉलिएस्टर घ्या. मला जुन्या बाजारात गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा मिळाला, तो पॉलिएस्टरचाच असतो, ४८ मिमीच्या आसपास रुंद आणि कमालीचा मजबूत, फक्त रिळाच्या आत गुंडाळलेला भाग घ्यायचा, बाहेरचा उन्हाने खाल्लेला असतो. शिवण चौकोन आणि त्यात फुली अशी. घरच्या मशीनवर १८ नंबरची सुई लावून बघितलं, दोन थरांपर्यंत नीट चाललं, चार थर आले की टाके सुटायला लागले, मग रिक्षाची हूड शिवणाऱ्याकडे गेलो. त्यांच्या मशीनला हे काम म्हणजे किरकोळ, चहा येईपर्यंत झालं. दोरा आपला न्या, बाँडेड पॉलिएस्टर, सुती नको.

झोळीत ५ मिमीचा ईव्हीए फोम आहे. मिटल्यावर झोळी दुमडून पाठीच्या बाजूला १६ सेंमी खाली लोंबते, आणि बरोबर खांद्याच्या पात्यांवर येते, म्हणजे चालताना तीच पाठीची गादी. नियम पाळला!

वरच्या दांड्यांना एसीच्या कॉपर पाइपवर घालतात ती काळी फोमची नळी चढवलीय, पाऊण इंची, १९ मिमीवर चपखल बसते, एसी रिपेअरवाल्याकडे तुकडे मिळतात.

सॅक कशी अडकवायची ह्यात डोकं सगळ्यात जास्त गेलं. सॅक वरच्या दांडीला कायमची टांगलेली आहे. खाली बाहेरच्या चौकटीला बांधलेली, पण उघडताना आतल्या चौकटीचा खालचा अर्धा भाग नेमका सॅकच्या बाजूला बाहेर येतो आणि वरचा अर्धा भाग खांद्याच्या पट्ट्यांच्या बाजूला, म्हणजे सॅकचं बूड पण सोडवायचं आणि पट्ट्यांची खालची टोकं पण. चार बकलं! उभ्या उभ्या चार बकलं सोडत बसायची तर तेवढ्यात खंड्या मासा घेऊन गेलेला असतो. मग असं केलं की सॅकच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेला पट्टा खालच्या दांडीवरच्या कडीतून ओवून पुढे आणला आणि तिथेच त्याचं बकल खांद्याच्या पट्ट्याच्या टोकाला लावलं. एका बाजूला एकच बकल. खांद्याचा पट्टा आवळला की सॅकचं बूड आपोआप फ्रेमला चिकटतं, आणि बकल सोडलं की दोन्ही सुटतं. दोन टिचक्या, पट्टे सॅकवर उलटे टाकायचे, चौकटी फाकवायच्या, बसायचं. ह्या एका गोष्टीवर मी बेहद्द खूश आहे.

नुसती टांगलेली सॅक घात करते हे पण लक्षात ठेवा. आपण बसलोय तोवर ठीक, उठलो की चार किलोची सॅक पायाच्या बाहेर लोंबत असते आणि किलोच्या आतला सांगाडा तिला काय धरणार, सगळं आडवं, आत कॅमेरा असला तर मग काय बोलायलाच नको. म्हणून सॅक स्टुलापेक्षा उंच ठेवलीय, ४८ सेंमी, म्हणजे बकल सोडलं की तिचं बूड जमिनीवर टेकतं आणि तीच पाचवा पाय होते. बुडाला ताडपत्रीसारखं जाड पीव्हीसी लावलंय, पुसलं की झालं.

बसायचं कुठल्या दिशेने ह्यावर पण बोलू. दांड्या पुढे-मागे घेऊन बसलं तर पुढची दांडी मांडीखाली रुतते आणि थोड्या वेळात पायाला मुंग्या. दांड्या डाव्या-उजव्या बाजूला घेतल्या की तो त्रास जातो आणि सॅक बरोबर उजव्या हाताला येते, म्हणून चेन बाजूला दिलीय, न उठता पाण्याची बाटली, वही, दुर्बीण सगळं निघतं.

भार म्हणून सोसायटीत काम चालू होतं तिथून ५० किलोची दोन सिमेंटची पोती मागून आणली, वर २० किलोचं वाळूचं पोतं, असं १२० किलो रात्रभर ठेवलं. नळ्या जशाच्या तशा, झोळी ८ मिमी वाढली आणि तिथेच थांबली. वॉचमन काकांनी सकाळी विचारलं हे काय पुजलंय.

खरी परीक्षा भिगवणला, कुंभारगावच्या काठावर, उजनी धरणाचं पाणी ओसरलं की तिथे जो काळा चिखल उरतो तिथे. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलेल्यांना माहितीय, वरून सुकलेला दिसतो आणि पाय ठेवला की आत लोणी. सुट्टे चार पाय असलेलं स्टूल तिथे खिळ्यासारखं आत जातं, कारण १९ मिमीची चार टोकं म्हणजे मोजून ११ चौरस सेंमी, त्यावर ८० किलो, चौरस सेंमीला सात किलो. आपल्या चौकटींना खाली आडव्या दांड्या आहेत त्यामुळे त्या दीड सेंमी रुंदीने जरी टेकल्या तरी चौरस सेंमीला एक किलोच्या आत येतं. थोडं रुतलं, मग स्थिर झालं. आणि दोन्ही दांड्या सारख्या रुतल्या, एका अंगाला कललं नाही.

आत्याने घरी बसून बघितलं आणि लगेच म्हणाली, "अरे बसले तर खरी, पण उठताना हाताला धरायला काय?" तिला वारीला न्यायचंय. ३८ सेंमी उंची गुडघे दुखणाऱ्याला कमीच, तिच्यासाठी ४३ करावी लागेल. पाय साधारण चार सेंमीने लांब होतील पण दांड्यांमधलं अंतर तेच ठेवलं तर नळीवरचा जोर तेवढाच राहतो, झोळीची ओढ उलट कमी होते. फक्त उंच झालं की डगमग वाढते. आत्याला म्हटलं अगं काठी तर असतेच ना हातात, तर म्हणे "काठी चिपळ्यांच्या हाताने धरू का?" बघू.

सगळं मिळून वजन १ किलो ७०० ग्रॅम, सॅक २५ लिटरची.

घोडं अडलंय ते कमरपट्ट्यावर. तो बाहेरच्या चौकटीच्या खालच्या दांडीला लागतो आणि बसताना तीच दांडी चिखलात असते, म्हणजे उठून सॅक पाठीला लावली की चिखल कमरेला. पट्टा वेल्क्रोने सुटा करायचा की दहा सेंमी वर चढवायचा हे ठरत नाहीये. वर चढवला तर तो कमरेच्या हाडावर न बसता पोटावर बसतो आणि मग तो असून नसून सारखा. सुटा केला तर कोणीतरी तो भिगवणलाच विसरून येणार, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच. सध्या वेल्क्रोच्या बाजूने आहे, पट्ट्याला सॅकच्या आतून एक दोरी बांधून. कोणी बाहेरच्या फ्रेमला कमरपट्टा लावला असेल तर कुठे आणि कसा ते सांगा, कापायला कापड तयार ठेवलंय.