तुम्ही विचारलंत म्हणून : सांगतो सगळं, मग लिहीत का नाही?

पालकसभा संपली की एखादी आई मागे थांबते आणि विचारते, "बाई, तोंडी सगळं येतं त्याला, मग लिहायला बसवलं की टाळाटाळ का करतो? आळस आहे की काही अडचण?" प्राथमिक शाळेत शिकवताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

वही तपासण्याआधी, मूल लिहीत असताना त्याच्या शेजारी बसा. चौथीतला माझा एक विद्यार्थी पावसाचे पाणी जमिनीत कसे मुरते हे वर्गापुढे फार छान सांगत असे; तेच लिहायला सांगितले तेव्हा पंधरा मिनिटांत अडीच ओळी झाल्या. पेन्सिल मुठीत आवळलेली, अक्षरे कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेली, खोडून खोडून एके ठिकाणी भोक पडलेले आणि 'जमीन' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. त्याआधी मी त्याला शुद्धलेखनाच्या दहा ओळी जास्तीच्या देत असे, याचे मला आजही वाईट वाटते.

ह्रस्व-दीर्घ मोठ्यांचेही चुकते, त्यावरून काही ठरवू नये. मात्र घ-ध, भ-म यांतली गल्लत तिसरीनंतरही होत असेल, जोडाक्षरातले अर्धे अक्षर गळत असेल, फळ्यावरचे उतरवताना एकेका अक्षरासाठी मान वर होत असेल आणि कित्येक महिने सराव करूनही यात फरक पडत नसेल, तर शंका घ्यावी. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. लेखन-अक्षमतेचे, म्हणजे डिसग्राफियाचे, निदान आपण घरी किंवा शाळेत करू नये. मूल साधारण आठ वर्षांचे झाले की तज्ज्ञ चाचण्या घेऊन ते करतात. बुद्धी कमी असण्याशी त्याचा संबंध नाही.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि डिसग्राफिया हा तिचाच एक प्रकार. प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ किंवा गरजेनुसार लेखनिक मिळू शकतो. शिक्का बसेल म्हणून पालक कचरतात. तो संकोच मला समजतो, पण पटत नाही, कारण 'ढ' हा शिक्का ते मूल वर्गात आधीच सोसत असते.

तोवर घरी त्याने सांगावे, तुम्ही लिहून घ्यावे आणि त्यातल्या दोनच ओळी त्याने स्वतः लिहाव्यात. त्या मुलाच्या आईने असेच केले, तेव्हा पावसाच्या पाण्याचे त्याचे उत्तर दीड पान भरले.