लेन्सवरची जांभळी झाक आणि फोटोतला काळा

लेन्सची दोन्ही झाकणं काढून ती पांढऱ्या एलईडी दिव्याखाली धरा आणि हळूहळू तिरकी करत जा. आत दिव्याच्या लहानमोठ्या प्रतिमा सरकताना दिसतील, कुठली जांभळी, कुठली हिरवी, कुठली मधाच्या रंगाची. प्रत्येक प्रतिमा काचेच्या एकेका पृष्ठभागावरून परत फिरलेल्या प्रकाशाची असते. रंगीत आणि मंद असेल तर तिथे कोटिंग, म्हणजे परावर्तन कमी करणारा पातळ थर, आहे. पांढरी आणि ठळक असेल तर तिथे कोटिंग नाही, किंवा घासून गेलंय. वापरलेली लेन्स घेताना ही तपासणी सगळ्यात आधी करावी.

साध्या काचेचा एक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. १.८ अपवर्तनांकाची, म्हणजे प्रकाश जास्त वाकवणारी काच असेल तर ८ टक्के. सात ग्रुपच्या (ग्रुप म्हणजे सुटी काच किंवा एकत्र चिकटवलेल्या काचा) लेन्समध्ये हवेला लागून असलेले १४ पृष्ठभाग असतात. प्रत्येकी ४ टक्के गेले की शेवटी ५६ टक्केच उरतात. हेच परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणलं तर ९३ टक्के प्रकाश सेन्सरपर्यंत पोचतो.

तरी प्रकाश कमी पडणं हे माझ्या मते मुख्य दुखणं नाही, ते एक्स्पोजर वाढवून भागतं. मुख्य दुखणं म्हणजे परत फिरलेला प्रकाश दुसऱ्या एखाद्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा सेन्सरकडे येतो. १४ पृष्ठभागांच्या ९१ जोड्या होतात. कोटिंग नसेल तर अशा एका जोडीतून मूळ प्रकाशाच्या सुमारे ०.१६ टक्के येतो. अर्ध्या टक्क्याचं कोटिंग दोन्हीकडे असेल तर तो ६४ पटींनी, म्हणजे तब्बल सहा स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). चौकटीत सूर्य असला की हे सहा स्टॉप फार मोलाचे. काही जोड्यांतून घोस्टचे, म्हणजे दिव्याच्या खोट्या प्रतिमांचे, ठिपके उमटतात आणि बाकीच्यांचं पसरट धुकं होऊन सावल्या राखाडी पडतात. कोटिंगमुळे शार्पनेस वाढतो असं सर्रास म्हणतात, ते बरोबर नाही. बारीक रेषा सुट्या दाखवण्याची लेन्सची ताकद तेवढीच राहते, काळा मात्र काळा राहतो. एडिटिंगमध्ये ब्लॅक्स, म्हणजे सगळ्यात गडद छटा, खाली ओढल्या तरी धुक्याबरोबर आलेला नॉइज (दाणेदारपणा) जात नाही.

सगळ्यात साधं कोटिंग म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर. थराच्या वरून आणि खालून परतलेल्या लाटा एकमेकींच्या उलट पडतात आणि विरतात. ही जाडी ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी जुळवलेली असते, त्यामुळे लाल आणि निळा थोडा परततो आणि काच जांभळी दिसते. १९३५ मध्ये झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी या तंत्राचं पेटंट घेतलं. साध्या काचेवर एक थर परावर्तन सव्वा टक्क्यापर्यंत आणतो. त्याखाली, आणि तेही सगळ्या रंगांसाठी, जायचं तर मल्टिकोटिंगच, म्हणजे एकावर एक अनेक थर, हवं. किरण तिरके आले की थराचं गणित निळ्याकडे सरकतं. म्हणून फार वक्र काचा असलेल्या वाइड लेन्समध्ये अतिसूक्ष्म रचनेचं नॅनो कोटिंग वापरतात. ते घासलं तर टिकत नाही, त्यामुळे ते बहुधा आतल्या काचांवरच असतं.

समोरच्या काचेवर बोट टेकवून उजेडात बघा, ठशाच्या जागी जांभळा रंग बदललेला दिसेल. तेलाच्या थराने कोटिंगचं गणित तेवढ्या जागी मोडलेलं असतं. पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश फिरवा आणि शेवटी मायक्रोफायबरच्या कापडावर लेन्स पुसायच्या द्रावाचे एक-दोन थेंब घेऊन मधून कडेकडे गोल पुसत या. द्राव थेट काचेवर टाकू नका, कडेने आत उतरतो. गरम काचेवर चढवलेलं कोटिंग बऱ्यापैकी कडक असतं, पण अगदी जुन्या लेन्समधलं आतलं कोटिंग मऊ असू शकतं आणि कापडाबरोबर निघून येतं. बुरशीच्या आम्लाने खाल्लेलं कोटिंग काच साफ केली तरी परत येत नाही. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा.

एवढ्या चांगल्या लेन्सपुढे बिनकोटिंगचा फिल्टर लावला की ४ टक्क्यांचे दोन सपाट पृष्ठभाग पुन्हा वाढले. रात्रीच्या फोटोत दिव्यांची फिकट, उलटी प्रतिमा मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे उमटली, तर आधी फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या.