लागली की नाही लागली

रविवार, दुपारचे साडेतीन.

नवतपा सुरू आहे. कूलरच्या ताट्या या वर्षी बदलल्या नाहीत, त्यामुळे तो नुसता घोंघावतोय, गारवा काही नाही. झोपावं म्हणून आडवा झालो, पण डोळे मिटले की कालच्या कॉम्प्युटरवरच्या शर्यतीतलं ले कॉम्बचं ते उजवं वळण समोर येतं. मी आतून, माझा मित्र तर्री बाहेरून. मग आरशात त्याची गाडी आडवी.

काल जिंकलो. हे आधी लिहून टाकतो, कारण सकाळपासून एकदाही ते आनंदानं आठवलं नाही. किती महिन्यांनी जिंकलो! नेहमी तोच पुढे, आणि मी त्याच्या मागच्या नंबरप्लेटचा अभ्यास करत दहा लॅप पूर्ण करणार. काल अकरा सेकंदांनी जिंकलो, आणि आज इथे तोंड पाडून बसलोय. आपल्या वाट्याला सुख आलं तरी त्यात खडा असतोच.

ठरलेलंच होतं सगळं. शनिवार, रात्री अकरा, असेटो कॉर्सा हा खेळ, दोघांनाही माझदा एमएक्स-५, ट्रॅक बेल्जियममधला स्पा. सात किलोमीटर आणि वर चार मीटरची एक लॅप. या गाडीत ताकद फार नाही, म्हणून तिथे मजा येते. ओ रूजच्या खड्ड्यातून रादिलॉनच्या चढावर कोण आधी पोचतो याला काही किंमत नसते. उलट पुढे निघालेला फसतो. पुढे केमेलचा लांब सरळ पट्टा आहे, आणि पुढची गाडी हवा फाडते तिचा फायदा मागच्याला. त्यामुळे दोघंही चढावर एकमेकांना ‘तू हो पुढे’ करत असतो. लग्नाच्या पंगतीत आधी कोण बसणार, तसं.

कूलर बंद करावा लागला होता. माइकमध्ये त्याचा आवाज जातो आणि मग तर्री सुरू होतो, “काऊन बे, हेलिकॉप्टर घेऊन आला का?” घाम डोळ्यांत जात होता. खुर्चीची चाकं जुन्या चपलांमध्ये घालून ठेवली होती. नाहीतर ब्रेक जोरात दाबला की गाडी थांबायच्या आधी मीच मागे जातो. जी२९ या स्टिअरिंग-पेडलच्या संचात ब्रेकखाली तो रबराचा तुकडा आहे ना, त्याला मांडीचा जोर लागतो. टेबल बाबांचं. त्याबद्दल आज नको.

चौथ्या लॅपला पूहॉनला मी स्वतःच्या मूर्खपणानं फिरलो. उतरतं, लांबलचक डावं वळण, मध्येच अॅक्सिलरेटर सोडला आणि मागची बाजू पुढे आली. कोणी हात लावला नव्हता. गाडी सरळ करून पाहतो तर तर्री पुढे, ब्लांशिमॉच्या वळणाआधी, कडेला उभा. “ये आरामात. एकटा पळून काय करू?” मी पोचलो तसा तो निघाला. तेव्हा मला बरं नाही वाटलं. राग आला. माझ्यावर उपकार करतोय असं वाटलं. आता लिहिताना हसू येतंय, पण काल जबडा खरंच आवळला होता.

त्याला थांबणं कधी शिकवावं लागलं नाही. मेडिकलमधल्या त्या तीन रात्री, बाकावर... असो.

आठवी लॅप. केमेलवर मी त्याच्या शेपटीला, ब्रेकच्या जरा आधी उजवीकडे काढली आणि आत घुसलो. आता ले कॉम्ब ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. पहिलं वळण उजवं, ते माझं. पण लगेच डावं येतं, आणि तिथे आतली बाजू त्याची. तिथे त्याला जागा सोडायला हवी. मी सोडली. माझ्या स्क्रीनवर आमच्या दोन गाड्यांमध्ये एक हात अंतर होतं, रीप्ले अकरा वेळा पाहिला आहे, थांबवून, सरकवून, वरून, मागून. एक हात. तरीही तर्री कर्बवर चढला, डाव्या गवतात गेला आणि गोल फिरला.

आणि मी थांबलो नाही.

शर्यत संपल्यावर तो म्हणाला, “मस्त झाली बे.” मग जरा थांबून, “ले कॉम्बले लागली का रे आपली?”

मी म्हणालो, “नाही ना. तुला?”

“मले तं लागल्यासारखी वाटली थोडी. जाऊ दे, नेट असन.”

इथेच अडकलोय. कारण नेट असू शकतं, आणि नेट असलं म्हणजे मी सुटलो असं होत नाही. आम्ही दोघं नागपुरातच, मानेवाडा ते त्रिमूर्ती नगर, स्कूटरवर अर्धा तासही नाही. पण आमच्या गाड्या आधी मुंबईतल्या सर्व्हरला जाऊन येतात. माझी गाडी त्याच्या स्क्रीनवर पोचायला ८० मिलिसेकंद लागले असं धरू. ताशी १२०च्या वेगाने तेवढ्यात गाडी अडीच मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. मधल्या वेळात त्याचा कॉम्प्युटर माझी जागा अंदाजानं काढतो. आधी ज्या दिशेनं, ज्या वेगानं जात होतो, तसाच जात असणार असं धरून. मी डावीकडे वळताना हात आखडला असेल, तर ते त्याला उशिरा दिसणार. म्हणजे माझ्याकडे एक हात अंतर, आणि त्याच वेळी त्याच्याकडे ठोकलेली गाडी. दोन्ही रीप्ले खरे. कोणीच खोटं बोलत नाहीये.

हे सगळं मला रात्रीही माहीत होतं. म्हणून तर त्याला म्हणालो नाही की तुझा रीप्ले पाठव.

पण लागली की नाही लागली हा खरा प्रश्नच नाही. चौथ्या लॅपला तर कोणी कोणाला लावली नव्हती, तरी तो थांबला. मला आरशात तो गवतात आडवा दिसला होता. त्यानं दोनदा हेडलाइट मारली, तीही दिसली. ‘थांब’ म्हणत होता, ‘जा’ म्हणत होता, की नुसताच वैतागला होता, कोण जाणे. मी उजव्या पायाकडे पाहतोय सकाळपासून. हा पाय उचलला गेला नाही. विचार करून नाही उचलला असंही नाही, विचार मागाहून आला. पाय पूर्ण दाबलेला, पुढची वळणं मालमेडी, ब्रुसेल, आणि डोक्यात एकच: गेला, गेला, आता सापडत नाही.

आणि अजून एक लिहितो, वही आपलीच आहे. त्यानंतरची लॅप माझी आजवरची सगळ्यात चांगली लॅप होती. आधीच्या विक्रमापेक्षा चार दशांशांनी कमी. पूहॉनला तर असा गेलो की अंगावर काटा आला, त्या उकाड्यात. मित्राला गवतात टाकून गाडी एवढी छान चालते, हे माहीत नव्हतं.

ऑफिसचं सोमवारचं ते प्रकरणही डोक्यात आहेच. पण त्याचं इतकं वाईट वाटत नाहीये, हेही विचित्र.

पाच वाजता उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, हात भाजतो. तेवढ्यात मोबाइल वाजला. तर्री. लिंक पाठवली होती, त्याचा रीप्ले, ११० एमबी. खाली काही लिहिलेलं नाही. डाउनलोड लावलं आणि बादली हातात घेऊनच आकडा पाहत उभा राहिलो. ६३ टक्क्यांवर लाइट गेली. राउटर बंद, कूलर बंद, सगळं एकदम चूप. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि मग स्वतःचंच हसू आलं. बादली घेऊन उभा असलेला पस्तिशीचा माणूस, खोट्या गाडीच्या खोट्या धक्क्यापायी लाइटचे आभार मानतोय.

मोबाइल डेटावर सहज झालं असतं. मी लावलं नाही.

थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला. “पाह्यला का? काय ठोकली बे तू मले, पार आडवा. उद्या सकाळी पोहे तुह्याकडून. तर्री जास्त.”

किती महिन्यांनी भेटतोय आम्ही, तेही पोह्यांच्या गाडीवर.

मी लिहिलं, “पोहे देतो. पण लागली नव्हती.”