टोलेडोच्या आजोबांना का सांगितलं

मंडळाच्या गणपतीत विचारतात, कुणाकडे जेवायला गेलं की विचारतात, परवा एका मुंजीतही विचारलं. "काका, गाडी घ्यायचीच नव्हती तर आभार मानून निघून यायचं. त्या म्हाताऱ्या माणसाला त्याची फोर्ड मस्टँग खरी कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर दुमडणारी गाडी, नाही हे कशाला ऐकवलंत?" विचारणाऱ्याने माझ्याबद्दलचा निकाल आधीच लावलेला असतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

डेट्रॉइटमधल्या आपल्या लोकांना जुन्या मस्टँगचं वेड का लागतं हे सांगायला नको. मलाही ते आहे. नोकरीभर गाड्यांच्या बॉडीचंच काम केलं, त्यामुळे कुणाला जुनी गाडी बघायची असली की मला सोबत नेतात आणि मी आनंदाने जातो. पण "काका खोट काढायलाच येतात" हे बोलणं मला लागतं. गाडी मुळात काय होती ते शोधायला मी जातो. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली नोंद पैसे भरून मागवता येते. १९६५-६६च्या मस्टँगची तशी मिळत नाही. तिथे गाडीच तपासावी लागते.

आणि तपासायलाच हवी. १९६५च्या मॉडेलच्या हार्डटॉप, म्हणजे पक्क्या टपाच्या गाड्या, पाच लाखांवर निघाल्या, कन्व्हर्टिबल लाखाच्या आसपास. नवी असताना दोघींच्या किमतीत अडीचशे डॉलरच्या आतबाहेर फरक होता, आज तो कितीतरी वाढलाय. मग कुणीतरी हार्डटॉपचा टप कापतो, घडीचं छप्पर बसवतो आणि विकतो.

आमच्या मंडळातला एक तरुण अशीच एक गाडी बघायला मला ओहायोतल्या टोलेडोला घेऊन गेला. त्याची बायको आणि लहान मुलगी घरी वाट बघत होत्या, गाडीचा फोटो मुलीने फ्रिजवर लावला होता. लाल गाडी, पांढरं छप्पर, रंगकाम उत्तम. मालक ऐंशीच्या पुढचे. मुलीच्या गावी राहायला जायचं होतं, म्हणून घर आणि गाडी दोन्ही विकायला काढलं होतं. चार जुलैच्या मिरवणुकीत नातवंडं मागच्या सीटवर बसतात, हे त्यांनी आम्हाला कौतुकाने सांगितलं.

मला पहिली शंका आली ती त्या सीटवरूनच. कन्व्हर्टिबलची मागची सीट अरुंद असते, कारण छप्पर दुमडणारे दांडे दोन्ही बाजूंनी जागा खातात. ही चांगली ऐसपैस होती आणि दांडे तिच्या कडांवर घासत होते. मग दार बघितलं. मागच्या वरच्या कोपऱ्यात फट जवळजवळ मिटली होती आणि रंग घासून खालचा पत्रा दिसत होता, म्हणजे गाडी मधोमध बसत चालली होती. मस्टँगला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते आणि टप हा त्या बॉडीचाच भाग. टप नसलेल्या गाडीला फोर्डने म्हणूनच दाराखालचे रॉकर (उंबऱ्याचे पत्रे) आतून जाड केले, पुढच्या सीटखाली फरशीला जादा पत्रा जोडला. मी पाठीवर झोपून टॉर्च मारला. फरशी साधी होती, जादा पत्रा नाहीच.

उरला नंबर. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूला मडगार्डच्या कडेला एक खाच असते, तिच्यातून आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचता येतो. ५एफ०७सी, पुढे अनुक्रमांक. पाच म्हणजे १९६५, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप. कन्व्हर्टिबलला ०८ हवं. दाराच्या कडेवरच्या पाटीवर मात्र तोच अनुक्रमांक आणि ०८ होता, बॉडीचा कोड ७६ए, अगदी कन्व्हर्टिबलचाच. पाटी नव्यासारखी चकचकीत होती. अशा पाट्या बनवून मिळतात.

मी टायटलचा, म्हणजे गाडीच्या मालकीचा, कागद मागितला. आजोबांनी स्वयंपाकघरातल्या खणातून काढून आणला. त्यावर ०७. इतकी वर्षं खरा नंबर त्यांच्या घरातच होता, त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. त्यांनाही कुणीतरी फसवून विकली होती.

तरुणाने माझा चेहरा बघून कोपर दाबलं, "काका, चला." तेवढ्यात आजोबांनी मला सरळ विचारलं, "कशी आहे गाडी?"

हे कुणी लक्षात घेत नाही. त्यांनी विचारलं होतं.

मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, कागदावरच्या ०७वरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "म्हणजे मोडेल का ही?" मी म्हटलं, उद्या नाही मोडणार, पण खालून मजबुती वेल्ड करून घेईपर्यंत मुलांना बसवून वेगात नेऊ नका. त्यांच्या बायको दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बघून झालं ना? आता जा तुम्ही."

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही.

नोकरीत असतानाचा मी या प्रसंगी गप्प बसलो असतो. तो म्हणायचा, ज्याने बोलावलं त्याला सांगावं, बाकी आपलं काम नाही. त्याचं म्हणणं मला पुरतं खोडता येत नाही. त्या पैशांवर आजोबांचं पुढचं राहणं ठरलं होतं, ते मी एका दुपारी कमी केलं. दुसरीकडे, मी बोललो नसतो तर त्यांनी पुढच्या माणसाला ती गाडी खरी म्हणून विकली असती, आणि त्याच्याही घरी मागच्या सीटवर बसणारं कुणी असणारच. फक्त दार आणि फरशीचं सांगून ०७चं गाळलं असतं तर? हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारतो. कधी वाटतं, तेवढं पुरलं असतं. कधी वाटतं, मग नव्या पाटीवर तो ०८ ठोकणाऱ्याला मी साथच दिली असती. आजोबांच्या बायकोसमोर सांगायला नको होतं असं तुमच्यातले काही म्हणतात. घर त्यांचंही होतं, गाडीही. तरीही त्यांचा आवाज आठवला की माझं मलाच हे उत्तर पुरत नाही.

तेव्हा यापुढे मला गाडी बघायला नेणार असाल तर टॉर्च आणि आरसा मी आणेन, कपडे मळायची तयारी ठेवेन. मालकाने विचारलं "कशी आहे?" तर मी सांगणार. ते नको असेल तर घरून निघायच्या आधी कळवा, दुसरं कुणीतरी शोधा. मी रागावणार नाही.