दुबईतला इन्व्हेस्टर व्हिसा रिन्यू करताना: इजारीपासून एमिरेट्स आयडीपर्यंत

गेल्या महिन्यात माझा पार्टनर व्हिसा, म्हणजे कंपनीतल्या भागीदाराला मिळणारा इन्व्हेस्टर व्हिसा, पुढच्या दोन वर्षांसाठी रिन्यू झाला आणि त्यामागोमाग बायकोचा आणि मुलांचाही. दुबईत नोकरी करणाऱ्याला या कामाची फारशी झळ लागत नाही. तारीख जवळ आली की कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं करणारा माणूस, पासपोर्ट मागतो, मेडिकलला पाठवतो आणि काही दिवसांनी नवीन कार्ड हातात देतो. आपली स्वतःची कंपनी असली की ही सगळी कामं आपल्याच गळ्यात असतात. देऱ्यात, बर दुबईत, अल कूझमध्ये छोटे धंदे करणारे कितीतरी मराठी लोक मला ओळखीचे आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना हे काम दर वेळी शेवटच्या आठवड्यात आठवतं. त्यांच्यासाठी आणि नुकतीच कंपनी काढलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे. माझी कंपनी मेनलँड एलएलसी, म्हणजे फ्री झोनच्या बाहेरची मर्यादित कंपनी आहे, धंदा किराणा आणि मसाल्याच्या आयातीचा. फ्री झोन म्हणजे कंपन्यांसाठीचे खास वेगळे विभाग; तिथल्या लोकांची कामं त्या-त्या फ्री झोनच्या पोर्टलवरून होतात, त्यामुळे खिडक्या वेगळ्या असतील. क्रम मात्र बराचसा हाच.

सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या की व्हिसा हा शेवटचा टप्पा आहे. व्हिसा रिन्यू व्हायला एस्टॅब्लिशमेंट कार्ड, म्हणजे आपण ज्याला इमिग्रेशन कार्ड म्हणतो ते, चालू असावं लागतं. त्या कार्डासाठी ट्रेड लायसन्स चालू हवं. लायसन्ससाठी ऑफिसची इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी हवी, आणि इजारी होण्यासाठी जागेच्या मालकाबरोबर नवा भाडेकरार हवा. म्हणून पासपोर्टावरची किंवा एमिरेट्स आयडीवरची (इथल्या सरकारी ओळखपत्रावरची) तारीख बघून कामाला लागणं चुकीचं. ऑफिसचा करार कधी संपतो ती तारीख बघा आणि तिथून मोजायला सुरुवात करा. लायसन्सची आणि व्हिसाची मुदत एकाच सुमारास संपत असेल तर तीन महिने हाताशी ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

भाडेकरारातच सर्वांत जास्त वेळ जातो. दुबईचा कायदा असा आहे की करारातली कोणतीही अट बदलायची असेल, भाडंसुद्धा, तर मुदत संपायच्या किमान ९० दिवस आधी समोरच्याला कळवावं लागतं. दोघांनी मिळून वेगळं ठरवलं असेल तर गोष्ट निराळी. हे बऱ्याच दुकानदारांना माहीत नसतं. मालकाचा माणूस शेवटच्या महिन्यात वाढीव भाड्याचा कागद पुढे करतो, आपण घासाघीस करत बसतो आणि तिकडे लायसन्सची तारीख उलटते. आमच्या बिल्डिंगमध्ये या वेळी हेच चाललं होतं. मी नियमाचा दाखला देऊन लेखी ईमेल पाठवला, भाषा नम्र ठेवली, आणि जुन्या भाड्यावर करार झाला. तोंडी बोलणी करू नका, सगळं ईमेलवर असू द्या. करार झाला की त्याच दिवशी इजारी करून घ्या. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, मालकाची कागदपत्रं आणि ‘देवा’चा (DEWA, दुबईचं वीज-पाणी खातं) प्रिमाइस नंबर, म्हणजे जागेचा नंबर लागतो. इजारीवर कंपनीचं नाव लायसन्सवर आहे अगदी तसंच छापलं आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी तपासा.

लायसन्सचं काम त्यामानाने सोपं झालं आहे. कंपनीत काही बदल नसेल आणि इजारी चालू असेल तर पेमेंट व्हाउचर ऑनलाइन निघतं, पैसे भरले की नवं लायसन्स येतं. खाद्यपदार्थ, शिक्षण, आरोग्य असा धंदा असेल तर त्या खात्याची मंजुरी चालू आहे का, ते आधी पाहा. इथे एक जुनी गोष्ट आठवण करून देण्यासारखी आहे. १ जून २०२१ पासून मेनलँडमधल्या बहुतेक धंद्यांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी मिळू लागली. त्याआधी ५१ टक्के स्थानिक भागीदाराच्या नावावर असत. तेव्हाच्या काही मित्रांच्या कंपन्यांत मेमोरँडम, म्हणजे कंपनीचा स्थापनेचा करार, एक सांगतं आणि लायसन्सच्या भागीदारांच्या यादीत दुसरंच दिसतं. भागीदार बदलला असेल, कोणी बाहेर पडला असेल, तर व्हिसाच्या अर्जाआधी ते नीट करून घ्या. अर्ज तपासणारा आधी तुमचं नाव आणि तुमचा हिस्सा याच दोन कागदांत शोधतो.

इमिग्रेशन कार्ड रिन्यू करायला मी अमेर सेंटरला, म्हणजे व्हिसाची कामं करणाऱ्या सेवा केंद्रात गेलो. इमिग्रेशनच्या जाफिलियातल्या मुख्य ऑफिसात आता फारसं जावं लागत नाही. शहरभर पसरलेल्या अमेर सेंटरमध्ये जवळपास सगळं होतं. सकाळी लवकर गेलात तर टोकन पटकन लागतं. रांगेत माझ्या शेजारी इस्लामपूरचा एक तरुण बसला होता. अल कूझमध्ये एसी दुरुस्तीचा धंदा, हाताखाली सात-आठ माणसं. फाईलवरचं लायसन्स बघून त्यानेच विचारलं, “दादा, तुमचं पण पार्टनरचंच का?” त्याचं सगळं व्यवस्थित होतं, फक्त पासपोर्टची मुदत पाच महिनेच उरली होती. खिडकीवरच्या मुलीने हसून, पण ठामपणे, त्याला परत पाठवलं. पासपोर्टला किमान सहा महिने मुदत लागते. आता आधी नवा पासपोर्ट, मग इथल्या फाईलवर नवा नंबर चढवणं, आणि त्यानंतर व्हिसा. त्याचा चेहरा पडला, कारण बायको बाळंतपणाला गावी गेली होती आणि त्याला पुढच्या महिन्यात निघायचं होतं. भारतीय पासपोर्ट इथे वाणिज्य दूतावासाच्या सेवा केंद्रातून रिन्यू होतो. गावच्या पत्त्यावर पोलीस पडताळणी लागली तर वेळ वाढतो. म्हणून घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट आजच काढून बघा. वर्षाच्या आत संपणारा असेल तर व्हिसाच्या आधी तोच हातात घ्या.

मेडिकलबद्दल जरा जास्त लिहितो, कारण लोक सर्वांत जास्त घाबरतात ते इथेच. तपासणी म्हणजे रक्त आणि छातीचा एक्स-रे. एचआयव्ही आणि क्षयरोग बघतात. उपाशीपोटी जायची गरज नाही. साध्या तपासणीपासून त्याच दिवशी निकाल देणाऱ्या सेवेपर्यंत वेगवेगळे दर आहेत. सिटी वॉकच्या स्मार्ट सालेम केंद्रात सगळं यंत्रांवर चालतं आणि निकाल फार लवकर मिळतो, पण पैसे बरेच जास्त. मी मुहैसनाच्या केंद्रात साधी तपासणी केली. वेळ हाताशी असेल तर जास्तीचे पैसे देण्याचं काही कारण नाही. बायका गरोदर असतील किंवा तशी शक्यता असेल, तर एक्स-रेच्या खोलीत जाण्याआधीच तिथल्या नर्सला सांगायचं. १८ वर्षांखालच्या मुलांना मेडिकल लागत नाही.

आपल्याकडे लहानपणी टीबी होऊन बरे झालेले लोक पुष्कळ आहेत, आणि फुप्फुसावरचा जुना डाग एक्स-रेत दिसतो. पूर्वी अशा डागामुळे लोकांना देश सोडावा लागायचा, ती भीती अजून मनात घर करून आहे. २०१६ मध्ये नियम बदलला. इथे आधीपासून राहणाऱ्याच्या रिन्यूअलच्या वेळी असं काही आढळलं तर पुढच्या तपासण्या होतात, गरज असेल तर उपचार होतात आणि पाठपुराव्याच्या अटीवर एका वर्षाचा व्हिसा मिळू शकतो. माझ्या ओळखीच्या कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी याच भीतीपोटी इथे रिन्यूअल करण्याऐवजी कंपनीच बंद करायचं मनात आणलं होतं. असं करू नका. जुने एक्स-रे, उपचार पूर्ण झाल्याचा डॉक्टरांचा दाखला, जे काही गावी असेल ते मागवून फाईलमध्ये ठेवा आणि स्वतःहून दाखवा. आजार लपवण्यासारखा नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्यापेक्षा आधीपासून राहणाऱ्याला इथे जास्त संधी दिली जाते.

आरोग्य विमा दुबईत सक्तीचा आहे आणि तो नसेल तर अर्ज पुढे जात नाही. कामगारांसाठीची स्वस्त पॉलिसी मालकाला लागू होईलच असं नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारा. फक्त व्हिसापुरता कागद म्हणून विमा घेऊ नका. घरच्यांना खरोखर उपयोगी पडेल असं हॉस्पिटल यादीत आहे का, ते वाचा.

हे सगळं हातात आलं की अमेरमध्ये मुख्य अर्ज: पासपोर्ट, जुना एमिरेट्स आयडी, लायसन्स, भागीदारांची यादी किंवा मेमोरँडम, इमिग्रेशन कार्ड, विमा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. फोटोसाठी पांढरा शर्ट घालू नका, मशीन नाकारतं. अरबीत नाव कसं टाईप झालं ते एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. पासपोर्टावर व्हिसाचं गुलाबी स्टिकर चिकटवणं २०२२ पासून बंद झालं आहे. आता एमिरेट्स आयडी हाच राहण्याचा पुरावा. मुंबईहून परत येताना विमान कंपनीच्या काउंटरवर तेच कार्ड मागतात. म्हणून रिन्यूअल चालू असताना भारतात जायचा बेत करू नका. नवा व्हिसा मोबाईलवर आला आणि कार्ड घरी पोहोचलं की मगच तिकीट काढा.

व्हिसाची मुदत संपली म्हणजे लगेच आकाश कोसळत नाही. काही दिवसांची सवलत असते, पण व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे ती कमीजास्त होते, तेव्हा तुमच्या फाईलवर किती दिवस आहेत ते अमेरमध्ये विचारून घ्या. त्यानंतर दिवसाला ५० दिरहम दंड. एमिरेट्स आयडी उशिरा रिन्यू केला तर महिनाभरानंतर दिवसाला २० दिरहम, जास्तीत जास्त १,०००. घरात चार माणसं असतील तर हा हिशोब किती वाढतो ते बघा.

कुटुंबाचं काम आपल्या व्हिसानंतर लगेच धरा. आपण त्यांचे स्पॉन्सर, त्यामुळे आपलं आधी, मग त्यांचं. त्यांच्यासाठी घराची इजारीही लागते. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा अटेस्ट केलेला दाखला जुन्या फाईलवर असतो, तरी मूळ प्रत जपून ठेवा. नवीन बाळ झालं असेल किंवा नुकतंच लग्न झालं असेल तर महाराष्ट्रातला दाखला आधी मंत्रालयात, मग भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून, मग यूएईच्या दूतावासाकडून आणि शेवटी इथल्या मोफाकडून (यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून) अटेस्ट, म्हणजे प्रमाणित, करावा लागतो. नुसत्या अपोस्टिलवर (भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रावर) इथे काम होत नाही. गावी सुट्टीला गेलात की हे काम आधी उरका. मुलगा किंवा मुलगी १५ वर्षांची झाली असेल तर बोटांचे ठसे द्यायला न्यावं लागतं. मुलाला आता २५ वर्षांपर्यंत स्पॉन्सर करता येतं, त्यामुळे पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवलेल्या मुलांच्या आईबापांना मोठा आधार झाला आहे. पण सहा महिन्यांचा नियमही आहे; बाहेर शिकणाऱ्या मुलांना तो लागू होतो का, ते अमेरमध्ये विचारून घ्या. १८० दिवसांपेक्षा जास्त सलग बाहेर राहिलं तर व्हिसा रद्द धरला जातो, आणि परत यायला कारण देऊन, दंड भरून परवानगी मागावी लागते. धंद्याची एक बाजू भारतात ठेवलेल्यांनी स्वतःसाठीही हे ध्यानात ठेवावं.

दोन वर्षांनी पुन्हा हेच करायचं का, असं बायकोने विचारलं. रास्त प्रश्न आहे. गुंतवणूकदारांसाठी पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा २०२२ पासून आहे. २० लाख दिरहमची मालमत्ता असेल तर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो आणि त्याला सहा महिन्यांची अट नाही. मी सध्या तिकडे वळलो नाही, कारण तेवढे पैसे मालात गुंतलेले आहेत आणि धंद्यातून काढून घरात घालणं मला पटत नाही. तुम्ही प्रकार बदलणार असाल तर जुना व्हिसा रद्द करण्याआधी कुटुंबाची फाईल होल्डवर टाकायला विसरू नका, नाहीतर तुमच्याबरोबर त्यांचेही व्हिसा अडकतात.

एजंट लावावा का? भाषा येत नसेल, वेळ नसेल तर जरूर लावा, पण एकदा तरी स्वतः फिरून करा. मला एका एजंटाने सांगितलेला आकडा आणि मी प्रत्यक्ष भरलेली फी यात बराच फरक निघाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपली कागदपत्रं कुठे आहेत, कशाची तारीख काय आहे, हे मालकाला स्वतःला माहीत असतं. प्रत्येक पावती सरकारी पोर्टलची आहे का ते बघा आणि यूएई पास या सरकारी ॲपचा पिन कोणालाही देऊ नका, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी. त्या एका ॲपवरून तुमच्या नावाने सही होते.

कार्ड आल्यावर काम राहतं ते बँकेचं. आयडीची जुनी तारीख सिस्टिममध्ये राहिली की बँक कार्ड बंद करते आणि पगाराच्या दिवशी ट्रान्सफर अडकते. नवा आयडी, नवं लायसन्स आणि नवी इजारी एकदमच बँकेला अपलोड करा. त्याच वेळी कॉर्पोरेट टॅक्सच्या नोंदणीचा दाखलाही मागतात. नोंदणी उशिरा केल्याचा दंड १०,००० दिरहम आहे, आणि नफा ३,७५,००० दिरहमच्या आत असला, म्हणजे कर शून्य असला, तरी नोंदणी करावीच लागते. मग मोबाईलचं सिम, मुलांची शाळा आणि तुमच्या माणसांच्या व्हिसाच्या फाईली. त्यांचे व्हिसाही याच लायसन्सवर आणि याच इमिग्रेशन कार्डावर निघालेले असतात, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत कोणाचा संपतो आहे ते त्याच बैठकीत तपासून घ्या.