थोरल्यांची शाखा सापडली: नक्कल नको, मूळ पान मागा

नागपूर जिल्ह्यात कुणी जुन्या दप्तरात आपले पूर्वज शोधायला निघणार असेल, तर सगळ्यात आधी हे ऐका. हाताने उतरवून दिलेल्या नकलेवर विसंबू नका. मूळ पानाची छायाप्रत मागा आणि ती मिळेपर्यंत हटू नका. आमची एक अख्खी शाखा नकलेत न उतरवलेल्या दोन शब्दांपायी अडून राहिली होती. शाखा सापडली, तरी राग अजून गेलेला नाही.

शोध होता पणजोबांच्या मोठ्या भावाचा. घरात त्यांचा उल्लेख नुसता ‘थोरले’ असा व्हायचा. पणजोबा शेती सोडून नागपूरच्या इतवारीत कामाला आले, पुढे महालात घर झालं. थोरले गावीच राहिले आणि नंतर कुठे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. बाबा एवढंच सांगायचे, "थोरल्यांचं घर वरच्या अंगाला गेलं." नाव ठाऊक, बापाचं नाव ठाऊक, पुढे काहीच नाही.

आमच्या स्वतःच्या बाजूचं काम भराभर झालं. महालातल्या घराची आखीव पत्रिका (शहरी जागेचा मालकी उतारा), आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीजचा, म्हणजे प्रवेश नोंदवहीचा उतारा, गावच्या शेताचा १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, सगळं रीतसर मिळालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

थोरल्यांसाठी मात्र त्याच्याही मागे जावं लागणार होतं. आपल्याकडची जुनी कागदपत्रं पुण्या-साताऱ्याकडच्या कागदांपेक्षा वेगळी असतात, हे ध्यानात ठेवा. हा सगळा मध्य प्रांताचा मुलूख. इथे मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत सारा गोळा करायची पद्धत होती, ती १९५१ साली गेली. सातबारा आपल्याकडे मागाहून आला, त्यामुळे पणजोबांच्या काळातला सातबारा मागायला जाल तर रिकाम्या हाताने परत याल. मागायची ती बंदोबस्ताची (जमिनीच्या सारा-आकारणीची) मिसल म्हणजे फाईल, जमाबंदी म्हणजे जमीन कुणाकडे आणि सारा किती याची नोंद, आणि खसरा म्हणजे शेतांची नंबरवार यादी. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाची नोंदवही. आणि आडनावावर भिस्त ठेवू नका, कारण बहुतेक नोंदी ‘अमुक वल्द तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक), मग जात, एवढ्याच असतात. एकाच गावात त्याच नावाचे, त्याच बापाच्या नावाचे दोन माणसं निघू शकतात. दप्तर घराण्यावार नसतंच, ते मौजावार, म्हणजे महसुली गावानुसार असतं. मौजाचं नाव चुकलं की सगळंच चुकलं.

मिसल १९१० च्या दशकातल्या बंदोबस्ताची. तिच्या नकलेत थोरल्यांचं नाव निघालं, बापाचं नाव जुळलं, जात जुळली, शेताचा खसरा नंबरही होता. फार आनंद झाला होता तेव्हा. आता त्या मौजाचं कोतवाल बुक काढलं की मुलंबाळं सापडतील, असं साधं गणित होतं.

इथून पुढे घोडं अडलं. त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर, काटोल, रामटेक आणि उमरेड अशा चारच तहसिली होत्या. पुढे त्या मोडून नव्या झाल्या. आमचं मौजा पूर्वी एका तहसिलीत होतं, आता दुसऱ्या तालुक्यात आहे. जुनं दप्तर काही नव्या ठिकाणी गेलं, काही जुन्याच जागी राहिलं. आमचं कुठे आहे, हे दोन्हीकडे कुणी सांगेना.

जुन्या तहसिलीच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला, "जातीचा दाखला काढाचा आहे का?"

मी म्हटलं, दाखला नको, घराण्याची माहिती हवी आहे.

"मंग काय काम आहे तुमचं?"

मला हे फार लागलं. रांगेतली बाकी माणसं जात पडताळणीसाठी आली होती आणि त्यांची निकड खरीच होती, कुणाच्या मुलाचा प्रवेश अडलेला, कुणाची नोकरी. त्यांचं आधी व्हावं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या पणजोबांचा भाऊ कुठे गेला हे विचारणं म्हणजे काम नव्हे, असं सरकारी खिडकीने का ठरवावं? दप्तर लोकांच्याच जन्ममरणाचं आहे. अर्जावर कारण विचारलं तर ‘वंशावळीकरिता’ असं स्वच्छ लिहा आणि लाजू नका.

मग सुरू झालं. जुनी तहसील म्हणे, तुमचा मौजा नव्या तालुक्यात आहे, दप्तर तिकडे गेलं. नवी तहसील म्हणे, आमच्याकडे ते आलंच नाही. जुन्या ठिकाणी परत गेलं की बाबू निवडणुकीच्या ड्युटीवर, नाही तर साहेब दौऱ्यावर, नाही तर रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. एकदा तर सांगितलं, पानं जीर्ण झाली आहेत, हात लावला की तुकडे पडतात. मी विचारलं, म्हणजे आहे ना तुमच्याकडे? त्यावर, "काकू, सांगून राहिलो ना, नाही आहे म्हणून." जीर्ण आहे आणि नाहीही आहे, दोन्ही एका दमात.

यातलं एकही उत्तर कागदावर नव्हतं. हाच खरा अडसर. तोंडी उत्तराला तारीख नसते, सही नसते, ते घेऊन वरच्या साहेबाकडे जाता येत नाही. तेव्हा अर्ज कितीही साधा असो, आवक शाखेत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या, आणि दप्तर नसेल तर ‘नाही’ असं लेखी मागा. लेखी ‘नाही’ द्यायची वेळ आली की माणूस निदान एकदा तरी कपाट उघडून पाहतो.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवसांची मुदत, हे बहुतेकांना माहीत असतं. कलम ६(३) मात्र पुष्कळांना माहीत नसतं. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज ५ दिवसांच्या आत तिकडे पाठवणं आणि अर्जदाराला तसं कळवणं ही त्यांची जबाबदारी आहे, आपल्याला हेलपाटे घालायला लावणं नव्हे. मी अर्जातच हे कलम लिहिलं होतं. तरी उत्तर आलं: ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ नव्या तालुक्याचंही शब्दशः तेच.

अपील केलंच, पण त्यासोबत दुसरा एक अर्ज दिला आणि सगळं हलवलं ते त्याने. कोतवाल बुक मागायचं सोडून मी तालुका फुटला तेव्हा दप्तर कोणत्या यादीने सोपवलं, ती यादी मागितली. दप्तर इकडून तिकडे गेलं असेल तर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही असलेली यादी कुठे तरी असणारच. ज्यांचं दप्तर दोन तालुक्यांच्या मध्ये अडकलं आहे त्यांनी हाच रस्ता धरावा. मला स्वतःला या युक्तीचा अभिमान आहे, कारण ती कुणी सांगितली नव्हती, चिडून चिडूनच सुचली.

यादी आली. मौजांची नावं ओळीने, प्रत्येकापुढे बस्त्याचा (कापडात बांधलेल्या गठ्ठ्याचा) नंबर. आमच्या मौजाचं नाव यादीत नव्हतं. गेलेल्यांत नाही, राहिलेल्यांतही नाही.

मी ती यादी घेऊन रेकॉर्ड रूमच्या दाराशी उभी होते, तेव्हा तिथल्या एका जुन्या शिपाईभाऊंनी मौजाचं नाव विचारलं आणि लगेच म्हणाले, "बाई, हे तं रिठी आहे. तिथं वस्तीच नव्हती. माणूस नाही तं कोतवाल कायचा अन् बुक कायचं?"

रिठी म्हणजे ज्या मौजात शेतं आहेत पण गाव उठलेलं आहे. विदर्भात असे मौजे जागोजाग आहेत. सरकारी कागदात मौजाच्या नावापुढे कंसात ‘रिठी’ लिहिलेलंही असतं. आमच्या नकलेत ते लिहिलेलं नव्हतं. थोरल्यांचं शेत रिठीत होतं आणि राहणं शेजारच्या गावात. पण शेजारचं म्हणजे कोणतं? रिठीला लागून तर चारी बाजूंनी गावं.

त्या मिसलीचं मूळ पान पाहू द्या म्हणून मी तिथेच बसले. नियमाने निरीक्षणाचा हक्क आहे, त्याचाही अर्ज दिलेला होता. पान पुढे आलं. वल्द, जात, आणि त्यापुढे स्पष्ट अक्षरात ‘सा.’ आणि गावाचं नाव. सा. म्हणजे साकिन, राहणार. माणूस त्याच गावात राहत असेल तर ‘सा. देह’ लिहितात, बाहेरचा असेल तर त्याच्या गावाचं नाव. नेमके हेच दोन शब्द नकलेत गाळले होते. नक्कल करणाऱ्याने हात आखडला आणि आम्ही दोन तहसिलींच्या पायऱ्या झिजवल्या. आणि त्या साकिनच्या गावाचं कोतवाल बुक? त्याच खोलीत, त्याच कपाटात होतं. दोन्ही कार्यालयांनी लेखी ‘आढळून येत नाही’ दिलं त्या सगळ्या काळात ते तिथेच होतं, फक्त शेजारच्या नावाखाली.

त्या शिपाईभाऊंचे उपकार मी विसरणार नाही. खिडकीवरच्या कुणालाही जे सांगता आलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. रेकॉर्ड रूममध्ये वर्षानुवर्षं बस्ते उचलणाऱ्या माणसाशी आधी बोला.

बुक हातात आल्यावर एक गोष्ट सांभाळा. जुन्या जन्मनोंदीत बाळाचं नाव बहुतेक नसतं, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच, बापाचं नाव आणि जात. आईचं नाव क्वचित. काही पानं मोडीत असतात. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तिथे शिकलेलं कुणी ओळखीत असेल तर सोबत न्या. सरकारी कामाला लिप्यंतर लावायचं असेल तर अधिकृत वाचकाकडूनच करून घ्यावं लागतं.

थोरल्यांच्या नावावर दोन मुलगे आणि एक मुलगी निघाली. मग १९१८ ची पानं आली. मध्य प्रांतात त्या वर्षीच्या साथीने फार माणसं नेली हे वाचून ठाऊक होतं, पण कोतवालाच्या हातचं ते पाहणं वेगळं. एरवी महिन्याला मोजक्या नोंदी, आणि त्या दिवाळीच्या सुमाराला पानामागून पान मृत्यूंचं, कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. त्यातच थोरल्यांची बायको. नोंदीत तिचं नावही नाही, ‘अमुकची बायको’ असं आहे. ते पान मी पुढे उलटू शकले नाही, थोडा वेळ बाहेर जाऊन बसले. त्यानंतर त्या गावात थोरल्यांच्या घरची एकही नोंद नाही. पुढच्या जमाबंदीत शेत दुसऱ्याच्या नावे चढलेलं.

पुढचं मग झपाट्याने झालं, म्हणजे आधीच झालं असतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे आमच्या घरचे पूर्वी जाऊन आले होते. तिथली नामावळी, म्हणजे येऊन गेलेल्या घराण्यांच्या नोंदी, आडनाव आणि गाव यांवर निघते. पहिल्यांदा मी रिठीचं नाव सांगितलं होतं, तेव्हा काहीच निघालं नव्हतं. साकिनचं गाव सांगितल्यावर वही उघडली आणि थोरल्यांचा धाकटा मुलगा तिथे होता, स्वतःच्या तोंडाने बाप, आजा, भाऊ सगळ्यांची नावं लिहवून गेलेला. तारीख शके सनातली, ७८ (जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९) मिळवले की इसवी सन येतो. आणि पत्ता: तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा.

वरचं अंग ते हेच. आपल्याला आज सौंसर म्हणजे दुसरं राज्य वाटतं. थोरले गेले तेव्हा तो एकच प्रांत होता आणि राजधानी नागपूर. १९५६ साली मराठी बोलणारा विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. ज्यांचे नातेवाईक काटोल, सावनेर, रामटेककडून असे उत्तरेला गेले आणि कागदात हरवले, त्यांनी सौंसर, पांढुर्ण्याकडे जरूर पाहावं. २०२३ पासून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आहे आणि सौंसर त्यात मोडतं, त्यामुळे जुनं दप्तर अजून छिंदवाड्यात की नव्या ठिकाणी, हे जाण्याआधीच लेखी विचारून घ्या.

तिथे थोरल्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. घरात मराठी बोलतात, शाळा हिंदीतून झाल्या. पहिल्या भेटीत त्यांच्यातल्या मोठ्या काकांनी मला विचारलं, "महालातल्या घरी विहीर होती म्हणत, आहे का हो अजून?" म्हणजे आम्ही त्यांना शोधत होतो तेव्हा त्यांच्या घरातही आमच्या घराबद्दल बोललं जात होतं. मुलग्यांच्या दोन्ही शाखा आता वंशावळीत आल्या आहेत, आणि त्यांच्याकडूनच कळलं की मुलीचं लग्न काटोलकडे झालं होतं.

तिचं नाव अजून मिळालेलं नाही. तिच्या मुलांची नावं तिकडच्या जुन्या शाळांच्या दाखल-खारीजमध्ये असतील, त्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज लागतो. जून-जुलैत शाळांना प्रवेशाच्या गर्दीत वेळ नसतो, तेव्हा हे काम दिवाळीनंतर काढावं. मीही तेव्हाच जाणार आहे.