पिल्लं ओरडत असतील तर आधी आईला बघा

डुकरीण व्यायली की सगळे पिल्लं मोजायला धावतात. किती झाली, किती जिवंत, नर किती, मादी किती, लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकायचे, आणि जिने रात्रभर कळा सोसल्या ती तिकडे भिंतीला तोंड करून पडलेली असते, तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. मला हे फार खटकतं म्हणून आज लिहायला बसलोय. पुण्याजवळ उरुळी कांचनच्या पुढे आमचं डुकरांचं छोटं शेड आहे, लार्ज व्हाइट यॉर्कशायर या पांढऱ्या विलायती जातीच्या माद्या आहेत, आणि एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय की व्यायल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सगळं लक्ष आईवर पाहिजे. ती खातेय का, पाणी पितेय का, उठतेय का, शेण टाकतेय का. पिल्लांचं जे काही बिघडतं त्यातलं बरंचसं आईपासून सुरू झालेलं असतं आणि आपण मात्र पिल्लांना थेंब पाजत बसतो.

आता परवाचंच सांगतो. आमच्या भुरी नावाच्या मादीचं तिसरं वेत. रात्री व्यायला लागली, पहाटेपर्यंत अकरा पिल्लं, वारही पडली, सगळं अगदी व्यवस्थित. संध्याकाळपासून पिल्लांचा आवाज वाढला. पोट भरलेलं पिल्लू दिव्याखाली एकमेकांच्या अंगावर पसरून झोपतं हो, किंचाळत फिरत नाही. ही सगळी आईच्या पोटापाशी नाकाने ढोसत होती आणि भुरी पालथी, चारही पाय पोटाखाली घेऊन, सड जमिनीला दाबून पडलेली. आमच्याकडे कामाला ज्या मावशी आहेत त्यांच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या डुकरं पाळतात, त्या दारातूनच म्हणाल्या, "दादा, पिल्लांचं राहू द्या, ही पाजत नाहीये. सड लपवून बसलीय बघा."

मी आधी थर्मामीटर काढला. प्रत्येक डुक्करवाल्याकडे साधा डिजिटल थर्मामीटर असलाच पाहिजे, दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू आहे, ताप गुदद्वारातून बघायचा असतो, म्हणून मागच्या टोकाला दोरा बांधून ठेवायचा म्हणजे आत जात नाही आणि थोडं व्हॅसलिन लावायचं. डुकराचं अंग एरवीच आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण 101.5 ते 102.5 फॅरनहाइट, आणि व्यायल्यावर दिवसभर 103 पर्यंत गेलं तरी बाकी सगळं ठीक असेल तर घाबरायचं कारण नाही. पण 104 दिसलं आणि सोबत खाणं बंद, पिल्लं उपाशी, तर मग वाट बघायची नाही. भुरीला 104.6 होता. कासेला हात लावला तर मागचे दोन-तीन सड चांगलेच तापलेले, पांढऱ्या कातडीवर लालसर पट्टा दिसत होता, आणि बोटाने दाबलं की तिथे खड्डा पडून राहायचा. कोपऱ्यात शेण बघितलं, लेंड्या, त्याही कालच्याच, कडक. पाण्याच्या निपलखाली फरशी कोरडी. म्हणजे बाईने दिवसभर पाणीच घेतलेलं नाही.

या आजाराला गावाकडे सगळे दगडी म्हणून मोकळे होतात, पण गायीच्या दगडीसारखा हा फक्त कासेचा प्रकार नसतो. कासेला सूज, गर्भपिशवीला सूज आणि दूध आटणं ही तिन्ही एकत्र येतात किंवा त्यातली एक-दोन येतात, डॉक्टर लोक त्याला एमएमए म्हणतात. आणि सुरुवात पुष्कळदा आतड्यातून होते. मादी व्यायच्या आधी लठ्ठ झालेली, हालचाल नाही, कोंडा-भुसा कमी, पाणी कमी, मग पोट साफ होत नाही. तुंबलेल्या आतड्यात जंतू वाढतात आणि त्यांचं विष रक्तात उतरतं. त्याने ताप येतो आणि दूध तयार करायचा जो हार्मोन असतो तोच दबतो. म्हणजे कास भरलेली दिसली तरी पिल्लाच्या तोंडात काही येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की कळतं मावशी व्यायच्या आठवडाभर आधी प्रत्येक मादीच्या खुराकात मूठ-मूठ करत गव्हाचा कोंडा का वाढवत नेतात.

डॉक्टरांचं सांगायचं तर पहिल्यांदा ज्यांना फोन केला ते म्हणाले डुकराचं मी बघत नाही, गाय-म्हैस असेल तर सांगा. नाव घेत नाही, पण वाईट वाटलंच. डुक्कर म्हटलं की पुण्यात लोक नाकाला रुमाल लावतात ते एक समजू शकतो, पण उपचाराला नाही म्हणणं मला पटत नाही, तापाने फणफणलेलं जनावर ते जनावरच ना. मग 1962 ला फोन केला, सरकारच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे, नोंदवून ठेवा सगळ्यांनी. आलेल्या डॉक्टरताई तरुण होत्या, शिरवळच्या कॉलेजात शिकलेल्या, आणि शांतपणे सगळं बघून घेतलं. मागून येणारा स्राव बघितला. तीन-चार दिवस थोडं पांढरट, थोडं रक्ताळ येणं चालतं, पण वास मारत असेल, तपकिरी असेल आणि वर ताप असेल तर आत काहीतरी राहिलंय, वार किंवा एखादं पिल्लू, असं समजायचं. भुरीचं तसं नव्हतं. अँटिबायोटिक दिलं, ताप आणि सूज उतरायला मेलॉक्सिकॅम दिलं आणि ऑक्सिटोसिन, म्हणजे पिशवी आवळून कळा आणणारं आणि दूध उतरवणारं इंजेक्शन, अगदी थोडं.

ऑक्सिटोसिनवर मला जरा बोलायचंय. आपल्याकडे बरेच जण बाटली घरात ठेवतात आणि मादीला कळा यायला लागल्या की लवकर मोकळी व्हावी म्हणून ठोकतात. कृपा करून असं करू नका. पिल्लू आडवं अडकलेलं असताना हे इंजेक्शन दिलं तर पिशवी जोर करत राहते, पिल्लू तसंच अडकून राहतं, नाळ दाबली जाऊन मागची पिल्लं आत मरतात आणि कधी पिशवीच फाटते. एका पिल्लानंतर दुसरं साधारण पंधरा-वीस मिनिटांत येतं, मादी जोर करतेय आणि अर्धा-पाऊण तास झाला तरी काही नाही तर आधी कुणीतरी हात धुऊन, ग्लोव्हज घालून तपासलं पाहिजे. दूध उतरवण्यासाठीसुद्धा त्याचा असर काही मिनिटांचाच असतो, म्हणून डॉक्टर थोड्या डोसचं सांगतात आणि सुई टोचली की लगेच पिल्लं सडांना लावायला लावतात.

सुई टोचायच्या वेळी एक बघण्यासारखी गोष्ट झाली. डॉक्टरताई म्हणाल्या जबड्याला फास लावून धरायला लागेल, तर मावशी म्हणाल्या थांबा ताई, नका धरू. कोमट पाण्यात फडकं भिजवून त्या भुरीच्या बाजूला बसल्या आणि कुशीतून हात घालून कास हळूहळू चोळायला लागल्या. आधी ती गुरगुरली. मग डोळे मिटले, मग मागचा एक पाय ताणला, आणि दोनेक मिनिटांत धप्पकन कुशीवर पडली, सगळे सड उघडे. ताईंनी कानामागे इंजेक्शन देऊनही टाकलं. कास चोळली की डुकरीण आडवी होते हे पिल्लांच्या नाकाने ढोसण्याचंच काम आहे, आपण हाताने करायचं. शेकाने सूज उतरायलाही मदत होते. त्याआधी पिल्लं मात्र दुसरीकडे नेऊन ठेवायची, त्यांचा आवाज ऐकला की आई बिथरते.

आता पिल्लांचं. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळते, डुकराच्या पिल्लाला नाही मिळत, त्याच्या आणि आईच्या रक्तामध्ये वारेचे इतके थर असतात की ती पलीकडे जातच नाही. जे काही मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या चोवीस तासांत, नंतर आतडं ते शोषणं बंद करतं. एका पिल्लाला किमान 200 ते 250 मिली चीक पोटात जायला हवा. त्यातून जन्मताना अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, त्यामुळे उपाशी पिल्लू पटकन गार पडतं, गार पडलं की ऊब शोधत आईला चिकटतं आणि तिच्याखाली चिरडतं. लोक म्हणतात डुकरीण पिल्लं चिरडते, मावशी म्हणतात उपाशी ठेवलं म्हणून चिरडली. मला मावशींचं पटतं.

भुरीची पिल्लं पहिले काही तास प्यायली होती हे नशीब. तरी दोन बारकी होती, त्यांच्यासाठी शेजारच्या काकूंकडे गेलो, त्यांची गाय आदल्या दिवशीच व्यायली होती आणि चिकाचं पातेलं फ्रीजमध्ये खरवसासाठी ठेवलेलं. काकूंनी विचारलंसुद्धा नाही कुणाला हवंय, निम्मं पातेलं ओतून दिलं आणि म्हणाल्या, "खरवस काय, पुढच्या वेताला होईल रे बाळा." गायीचा चीक डुकराच्या पिल्लांना चालतो, आईच्या चिकाची बरोबरी नाही पण जीव तगतो. कोमट करायचा, उकळायचा नाही, उकळला तर फाटतो आणि त्यातलं कामाचं मरतं. सुई काढलेल्या सिरिंजने जिभेवर थोडं थोडं, पिल्लू उभं धरून, नाहीतर फुप्फुसात जातं. नंतर दोन दिवस शेळीचं दूध दिलं. दुसरी मादी त्याच दिवशी व्यायली असती तर चीक पिऊन झाल्यावर काही पिल्लं तिच्याकडे लावली असती, ते सगळ्यात चांगलं, पण तसं नव्हतं. पिल्लांचे सुयांसारखे दातही बघून घ्या, दूध कमी असलं की ती सडावर भांडतात, दात लागतात, दुखतं म्हणून आई उठते आणि मग पाजतच नाही.

पाण्याकडे परत येतो कारण मला तिथेच सगळ्यात जास्त कमी दिसते. पाजणाऱ्या डुकरिणीला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच. निपलमधून पाणी येतंय एवढं पुरत नाही, बाटली धरून एक मिनिट मोजा, दोन लिटर तरी आलं पाहिजे. नुसतं ठिबकत असेल तर ती थोडं पिऊन कंटाळून आडवी होते. आणि मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, ते कुठली पिणार ती. भुरीला उठवून, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, बादलीत गार पाणी आणि गूळ कालवून समोर धरलं तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड घातलं. उठवणं महत्त्वाचं आहे, दर तीन-चार तासांनी उभी केलीच पाहिजे, त्याशिवाय ना लघवी होते ना शेण. खायला घाई करू नका, पहिल्या दिवशी पातळ कोंडा-मका, मग रोज थोडं वाढवत आठवड्याने पोटभर. पोट साफ व्हायला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एप्सम सॉल्ट, म्हणजे जुलाबाचं मीठ, दिलं.

उन्हाळ्यातली अजून एक अडचण म्हणजे एकाच पेनमध्ये, म्हणजे मादी-पिल्लांच्या कप्प्यात, दोन हवामानं लागतात. आईला वीसेक डिग्री सेल्सिअस बरी, पिल्लांना पहिल्या आठवड्यात बत्तीसच्या आसपास. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे ती धापा टाकते. आम्ही आईच्या मानेवर ओलं गोणपाट टाकतो, तिच्या बाजूला पंखा, आणि पिल्लांच्या कोपऱ्यात भुसा, खोका आणि पहाटेसाठी बल्ब. फरशी ओली होऊ द्यायची नाही, ओल्या फरशीवर घासणारे सड हीच जंतूंची वाट.

एक सावधगिरी. ताप एकाच ताज्या व्यायलेल्या मादीला असेल तर हे सगळं. पण शेडमधली दोन-चार जनावरं एकदम खाणं सोडून पडली, कान-पोट निळसर-जांभळे पडले, अचानक मरायला लागली, तर ते वेगळंच काही असू शकतं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग 2020 मध्ये आपल्या देशात आलाय, त्यावर उपचार नाही. तेव्हा जनावर विकू नका, हलवू नका, लगेच पशुसंवर्धन विभागाला कळवा, पुण्यात औंधला रोग तपासणीची प्रयोगशाळा आहे, नमुने तिथे तपासले जातात. आणि हडपसरहून हॉटेलचं उरलंसुरलं आणत असाल तर चांगलं उकळल्याशिवाय घालू नका.

भुरीचा ताप दुसऱ्या दिवशी दुपारी 102.8 वर आला. संध्याकाळी मी पेनबाहेर उभा होतो तेव्हा तिचं हूं-हूं सुरू झालं, आधी सावकाश, मग भरभर, आणि पिल्लं एकदम गप्प झाली, कान मागे, सगळ्यांचे गळे एका तालात हलायला लागले. दूध उतरतं ते जेमतेम पंधरा-वीस सेकंद, मग परत तासाभराने. पण त्या पंधरा सेकंदांसाठी मावशी आणि मी दोघंही श्वास धरून उभे होतो, खरंच सांगतो. अकरातली दहा जगली. एक बारकं गेलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी पिल्लांना लोहाचं इंजेक्शन झालं. मागचा एक सड मात्र अजून कडक आहे, त्याच्यात दूध येईल असं वाटत नाही. काही जण म्हणाले काढून टाक हिला, पुढच्या वेळी परत हेच करेल. मी ठेवणार आहे. बाकी तेरा सड चांगले आहेत, पिल्लांवर माया आहे, कधी पिल्लाला तोंड लावलं नाही तिने. पिल्लं दुधावरून तोडली की आठवड्याभरात माजावर येईल, मग नराला लावली की तिथून 114 दिवस. तारीख भिंतीवर खडूने लिहू, आणि यावेळी शेवटच्या महिन्यात तिला रोज सकाळी उन्हं चढायच्या आत मोकळ्या वाड्यात फिरवायचं असं मावशींनी आत्ताच सांगून ठेवलंय.